भिंतीच्या आधी ठेका होता

सातारा, कराड, विटा, तासगाव, मिरज या पट्ट्यात ‘डॉल्बी’ म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा ट्रकवर एकावर एक रचलेल्या स्पीकरची भिंत, मागे धडधडणारा जनरेटर, लॅपटॉप आणि मिक्सर घेऊन उभा असलेला ऑपरेटर, पुढे गुलालात न्हालेली पोरं. शब्दाचा हा अर्थ या मुलखाने स्वतः घडवला. रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याची युक्ती विकण्यासाठी. पुढे हेच नाव सिनेमाच्या ध्वनीला लागलं, आणि १९९० च्या दशकात आपल्याकडच्या चित्रपटगृहांच्या पाट्यांवर झळकू लागलं. छातीत घुमणारा आवाज म्हणजे डॉल्बी, एवढीच खूणगाठ प्रेक्षकाने बांधली आणि नाव थिएटरातून रस्त्यावर आलं. आता या शब्दाभोवती फक्त वाद उरला आहे: बंदी असावी की नसावी, किती डेसिबल, किती वाजेपर्यंत. या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालतात, की त्या भिंतीतून बाहेर पडतो तो निव्वळ आवाज आहे. मला हे मान्य नाही. त्या आवाजाच्या पोटात एक संगीतप्रकार आहे. त्याला घराणं आहे, घडण आहे, इतिहास आहे, आणि तो इतिहास हलगीपासून सुरू होतो. जगभर ज्याला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत म्हणतात त्याची ही कृष्णाकाठची शाखा आहे, आणि ती कुठल्याही परदेशी झाडाची फांदी तोडून इथे लावलेली नाही.

एखाद्या संगीतप्रकाराचा उगम कुठे झाला हे ठरवायचं कसं, हे आधी स्पष्ट करायला हवं. ‘सर्वांत आधी कोणी केलं’ हा प्रश्न लोकांना आवडतो, पण तो फसवा आहे. याचं ठळक उदाहरण मुंबईतच आहे. चित्रपटसृष्टीत वादक म्हणून काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीची तालयंत्रं आणि सिंथेसायझर वापरले. ती तबकडी चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोत त्याच जातीच्या यंत्रावर ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्मला आणि जगभर पसरला. २०१० मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी पुन्हा बाजारात आली, तेव्हा अनेकांनी तिला अ‍ॅसिड हाउसची जननी ठरवून टाकलं. त्या माणसाची प्रतिभा निर्विवाद आहे. पण शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकून काही केलं, असा पुरावा नाही, आणि सांगली-साताऱ्याच्या ऑपरेटरांनीही ती ऐकून काही केलं नाही. उगम म्हणजे पहिली तारीख नव्हे. ज्याचं ऐकून, पाहून, उचलून पुढच्याने काही केलं, तो उगम. ही कसोटी लावली की मुंबईचा हा मानाचा दाखला बाजूला ठेवावा लागतो, आणि शोध आपल्याच गावच्या वेशीपाशी येऊन थांबतो.

या मुलखातला जुना वाद्यमेळ पाहा. हलगी, घुमकं आणि कैताळ. हलगी म्हणजे उथळ कड्यावर ताणलेलं कातडं. वाजवण्याआधी ते जाळावर शेकून घ्यायचं, म्हणजे आवाज कडक होतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जाड टिपरू ठेक्याचे मुख्य घात देतं आणि बारीक काडी त्यांच्या मधल्या जागा भरते. त्या भरण्यातच हलगीची सगळी करामत असते. घुमकं खालचा, जमिनीलगतचा आवाज धरतं. कैताळ वरची किणकिण सतत चालू ठेवतं. आजच्या डॉल्बीवाल्याला त्याच्या यंत्रणेचे भाग विचारले तर तो ‘बेस’ आणि ‘टॉप’ सांगेल. खालचा धक्का वेगळ्या पेटीतून, वरचा कडकडाट वेगळ्या पेटीतून. ही विभागणी विजेच्या कितीतरी आधी या तीन वाद्यांनी करून ठेवली होती. उघड्या रानात, शेकडो माणसांच्या गलक्यात, चालत्या मिरवणुकीत सर्वांना एकच ताल ऐकू जायला हवा, या गरजेतून ती आली. कुस्तीच्या मैदानात हलगीचा कडकडाट वाढला की पैलवानाच्या अंगात जोर चढतो. गजी नृत्यात धनगरांच्या रांगा ढोलाच्या चालीवर वळतात. गावोगावच्या यात्रांत छबिना निघतो तो वाद्यांच्या मागून. नाचणाऱ्याच्या शरीरावर तालाने ताबा मिळवायचा, ही विद्या या भागाला परदेशातून शिकावी लागली नाही.

तमाशाचा भाग तर अधिक बोलका आहे. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूचा फड कवलापूरचा. हा सांगली जिल्हा तमाशाच्या नकाशावर फार जुना आहे. तमाशाची सुरुवात होते ती शब्दांनी नव्हे, ढोलकी आणि हलगीच्या जुगलबंदीने. आधी सावकाश, मग एकमेकांना डिवचत, मग लय चढवत चढवत दोघे अशा टोकाला जातात, की ऐकणारा श्वास धरून बसतो. तिथे क्षणभर सगळं तोडायचं आणि पुढच्याच क्षणी समेवर कोसळायचं. शिट्ट्या आणि फेटे त्याच जागी उडतात. आजच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात हीच रचना सर्वांत महत्त्वाची मानली जाते: ताण वाढवत न्यायचा, आवाज क्षणभर काढून घ्यायचा आणि मग सगळा बेस एकदम सोडायचा. पोरं त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. शब्द बाहेरचा आहे, यात शंका नाही. पण तो शब्द इथे पोचला तेव्हा त्याच्यासाठी जागा तयार होती, कारण तोडून समेवर येण्याचा संस्कार दीडशे वर्षांचा होता. साताऱ्याच्या पोराला ड्रॉपवर उडी मारायला कोणी शिकवलं नाही.

या परंपरेत वीज शिरली ती बेंजोच्या वाटेने. बेंजो हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ च्या सुमारास नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ तयार केलं. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून वाजवायचं हे स्वस्त आणि सोपं वाद्य भारतात आलं आणि बुलबुलतरंग झालं. आपल्याकडे त्याला तारा झंकारून मोठा आवाज देणारं विजेचं रूप मिळालं, आणि बेंजो पार्टी नावाचा नवा मेळ जन्मला. गाणं चित्रपटातलं किंवा लोकगीतातलं, ठेका मिरवणुकीचा, शब्दांऐवजी बेंजोची धून. मग त्यात ऑक्टोपॅड आलं. रोलँड कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेली ही आठ चौकोनांची पाटी. काडी मारली की पाहिजे तो आवाज, आणि काडी मात्र हलगीवाल्याच्याच हातातली. माझ्या मते विजेच्या तालाकडे जाण्याचा निर्णायक टप्पा हाच होता. लॅपटॉप फार नंतर आला. हाताची सवय तीच राहिली, कातडं मात्र बदललं.

बेंजो पार्टीचं हे वारं मुंबईहून घाटावर कसं चढलं, याचं उत्तर माणसांच्या ये-जा करण्यात आहे. पाटण, जावळी, खटाव, माण या तालुक्यांतली हजारो माणसं मुंबईच्या गोदीत, बाजारात, गिरण्यांत कामाला होती. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा ही या स्थलांतराचीच कमाई. ही माणसं गणपतीला आणि गावच्या यात्रेला परतत. दुसरीकडे विटा, आटपाडी, खानापूर भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगलेले. तेही यात्रेला गावी येत आणि वर्गणीत हात आखडता घेत नसत. शहरात पाहिलेला वाद्यमेळ गावात आणायची हौस आणि ती भागवायला लागणारा पैसा, दोन्ही या परतणाऱ्या माणसांबरोबर आले. त्याच काळात कॅसेट स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांपासून आनंद-मिलिंद शिंदे यांच्या लोकगीतांपर्यंत आणि भीमगीतांपर्यंत मराठी गाण्यांचा एक मोठा साठा कॅसेटवर उभा राहिला. आकाशवाणीच्या निवड समितीची परवानगी त्याला लागत नव्हती. पुढच्या रीमिक्सला जो कच्चा माल लागणार होता, तो इथे तयार झाला.

मग भिंत आली. इथे जमैकाची आठवण होते, आणि ती तुलना वरवरची नाही. १९५० च्या दशकात किंग्स्टन शहरात गरीब वस्त्यांतल्या लोकांना वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून मोठमोठ्या स्पीकरच्या पेट्या रस्त्यावर मांडून तबकड्या वाजवायची पद्धत पडली. ड्यूक रीड, कॉक्सन डॉड यांच्यासारख्या ध्वनियंत्रणेच्या मालकांत चुरस लागली. त्या चुरशीतून त्यांनी आपल्याच पेट्यांसाठी नवी गाणी मुद्रित करायला सुरुवात केली, आणि स्का, रेगे, डब हे प्रकार जन्मले. आधी पेटी आली आणि पेटीने संगीत घडवलं. आपल्याकडेही तेच घडलं. एका पेठेच्या मंडळाने अमुक इतके बेस लावले की शेजारच्या आळीने त्याहून जास्त लावायचे. सुपारी कोणाला द्यायची हे आवाजावर ठरू लागलं, आणि ज्या गाण्यात बेस उठून दिसेल तेच गाणं चालू लागलं. परिणामी चित्रपटातलं मूळ गाणं जसंच्या तसं वाजवणं बंद झालं. त्याचा मधला भाग कापायचा, ओळ फिरवून फिरवून लावायची, खाली हलगीचा किंवा संबळाचा ठेका टाकायचा, मध्ये भोंगा, सायरन आणि ऑपरेटरच्या नावाचा पुकारा. ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’, ‘साउंड चेक’, ‘हॉर्न’, ‘कॉम्पिटिशन’ अशी या तुकड्यांची नावं आहेत. यांतली शेवटची तीन नावं थेट पेटीच्या गरजेतून आलेली आहेत. पेटीची ताकद दाखवण्यासाठीच रचलेलं संगीत, असा त्यांचा अर्थ. संगीताचा एखादा प्रकार स्वतःच्या उपप्रकारांना स्वतः नावं देऊ लागला, की तो वयात आला असं मानायला हरकत नसावी.

हे सगळं सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत आणि शेजारच्या कोल्हापुरात इतकं का फोफावलं, याचं एक कारण उसात आहे असं मला वाटतं. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांमुळे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या गावोगाव आहेत. गळीत हंगाम चालतो साधारण दिवाळीच्या आसपासपासून मार्च-एप्रिलपर्यंत. गणपती येतात भाद्रपदात, १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंती, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, चैत्रात यात्रा, वैशाखात लग्नं. दोन्ही पंचांगं शेजारी ठेवून पाहा: ऊस वाहणारी ट्रॉली जेव्हा मोकळी असते, बव्हंशी त्याच महिन्यांत मिरवणुका असतात. कित्येक टन ओढणारं वाहन, ते चालवणारा माणूस आणि डिझेलवर चालणारी वीज, हे सगळं गावातच हाताशी होतं. किंग्स्टनला रस्त्यावर पेट्या मांडून जे झालं, ते इथे ट्रॉलीवर झालं. उद्योगाने संगीताला दिलेली ही जागा कोणी ठरवून दिली नाही, म्हणूनच ती लक्षात घेतली जात नाही.

यावर पहिला आक्षेप गोव्याचा येतो. सह्याद्रीच्या पलीकडेच हणजूण आणि वागातोरचे किनारे आहेत. १९७० च्या आसपास तिथे हिप्पी आले, ‘गोवा गिल’ नावाने ओळखला जाणारा अमेरिकी तरुण त्यांतलाच, आणि १९८० च्या दशकात तिथल्या रात्रींत यंत्रांचं संगीत घुमू लागलं. १९९० च्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हे नाव युरोपभर पोचलं. उन्हाने तबकड्या वाकतात म्हणून तिथे डिजिटल टेपवर वाजवायची पद्धत होती. पुढे २००७ पासून सनबर्न महोत्सव सुरू झाला आणि २०१६ मध्ये तो काही वर्षांसाठी पुण्याकडे सरकला. मग सांगली-साताऱ्याचं डीजे संगीत त्याचंच पिल्लू नव्हे काय? नव्हे. दोन्हींचे ठेके ऐकले तरी हे कळतं. ट्रान्स आणि हाउस यांच्या तळाशी घड्याळासारखा सरळ घात असतो. एका मापात चार समान ठोके, न वाकणारे. हलगीच्या अनेक चाली मात्र तिपटीकडे झुकतात, त्यांत एक हेलकावा असतो, आणि मिरवणुकीत नाचणाऱ्याचे खांदे त्या हेलकाव्यावर हलतात. दुसरं, गोव्याची रात्र एका जागी उभी असते आणि इथलं संगीत चालत असतं. कमानीपाशी थांबायचं, चौकात रेंगाळायचं, देवळासमोर वळायचं, या थांब्यांवर गाण्यांचा क्रम बेतलेला असतो. तिसरं, गोव्याच्या किनाऱ्यावरचं संगीत बव्हंशी शब्दांशिवाय चालतं, तर इथे शब्द लागतात, आणि ते मराठी लागतात. गोव्याकडून, आणि नंतर इंटरनेटवरून, शब्द आले, काही ध्वनी आले, ‘ट्रान्स’ हे लेबल आलं. ठेका आला नाही. उलट प्रवास मात्र झाला. २०१६ च्या ‘सैराट’मधल्या अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’ने मिरवणुकीचा जोश देशभर नेला, आणि दोनच वर्षांत ‘धडक’मध्ये त्याची हिंदी आवृत्ती करावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे: कळ दाबणारा माणूस कलाकार कसा? साधना कुठे, रियाज कुठे? मिरजेच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच बोचतो, कारण अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव, आणि सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांच्या पिढ्या इथे भोपळ्याला आवाज देत आल्या. पण प्रत्येक संगीताची परीक्षा त्याच्या कामावर होते. तंबोऱ्याचं काम गवयाला षड्जाची बैठक देणं. त्याला लय विचारणं गैर. मिरवणुकीच्या ऑपरेटरचं काम पाचशे माणसांची चाल एकत्र ठेवणं. गर्दी थकली की लय उतरवायची, कमान जवळ आली की चढवायची, समोरच्या मंडळाचं गाणं संपायच्या आत आपलं सुरू करायचं, एका गाण्याच्या मात्रांवर दुसऱ्याच्या मात्रा अशा बसवायच्या की नाचणाऱ्याचं पाऊल चुकू नये. मात्रा चुकली तर गर्दी तिथल्या तिथे थांबते. हे कौशल्य शिकावं लागतं, आणि शहरातल्या ध्वनिमुद्रणालयाचं तोंडही न पाहिलेल्या पोरांनी साध्या संगणकावर ते शिकून घेतलं आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस निघालेलं ‘फ्रूटी लूप्स’ नावाचं स्वस्त सॉफ्टवेअर जगभर अशाच पोरांच्या हाती पडलं. आपल्या पोरांनी त्यात हलगी भरली. याला अंगचं ज्ञान म्हणायला आपली जीभ अडखळते, ती संगीताच्या कारणाने अडखळत नाही.

ती कशाने अडखळते, हे पाहण्यासाठी तिसऱ्या आक्षेपाकडे जावं लागेल. तो सर्वांत गंभीर आहे: डॉल्बीने हलगी मारली, पारंपरिक वाद्यं मारली. यात तथ्य आहे. जिथे दहा-बारा माणसांना बिदागी मिळत होती तिथे एका यंत्रणेला सुपारी मिळू लागली. पण ‘पारंपरिक वाद्यं’ हे शब्द उच्चारताना ती कोण वाजवत होतं आणि कोणत्या अटींवर, हे विसरून चालणार नाही. हलगी वाजवणं ही हौस नव्हती. ते मातंग आणि इतर दलित जातींवर गावगाड्याने टाकलेलं काम होतं. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, वाजवायला यावंच लागे, मोबदला बहुधा धान्यात, आणि उभं राहायची जागा ठरलेली. ज्या देवाच्या पुढे वाजवायचं त्याच्या गाभाऱ्यात प्रवेश नसे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावला जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी हे जग आतून पाहिलं होतं. डॉ. आंबेडकरांचं शालेय शिक्षण साताऱ्यात सुरू झालं, आणि त्यांच्या चळवळीने गावकीची कामं नाकारायला शिकवलं, त्यांत वाजवण्याचंही काम होतं. तेव्हा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डॉल्बी लागते, तिच्यामागे फक्त बाजार नाही. कोणाच्याही जातीला वेठीला न धरता आपल्या उत्सवाला आवाज मिळतो, आणि तो आवाज गावाच्या मुख्य रस्त्यावरून जातो, याला अर्थ आहे. भाड्याने आणलेल्या पेटीला जात विचारत नाहीत.

तरीही हिशेब इथे मिटत नाही. वेठ गेली हे चांगलं झालं, पण त्या वेठीत पिढ्यान्‌पिढ्या घडलेली विद्या हलगी मिक्सच्या तळाशी एक तुकडा होऊन पडली आहे. कुणीतरी कधीतरी वाजवलेली चार मात्रांची हलगी एकदा मुद्रित झाली, आणि तीच कापून, जोडून, फिरवून हजार गाण्यांत वापरली गेली. वाजवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, मानधन तर दूरच. जगाच्या इतिहासात हे नवं नाही. अमेरिकेत १९६९ साली एका गाण्यात ग्रेगरी कोलमन या वादकाने वाजवलेले सहा-सात सेकंदांचे ढोल पुढे हजारो गाण्यांत उचलले गेले, आणि त्याला त्याचा पैसा मिळाला नाही. त्याचं नाव तरी आज ठाऊक आहे. आपल्या हलगीवाल्याचं तेही नाही. आधी गावगाड्याने त्याचं श्रेय घेतलं, मग यंत्राने. डॉल्बीची बाजू घेताना मी ही गोष्ट झाकून ठेवणार नाही, कारण या संगीताचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो. गोंगाटाचा दोष दुरुस्त होऊ शकतो.

गोंगाटाविषयी स्पष्ट बोलायला हवं, कारण माणसं मेली आहेत. गेल्या दशकात साताऱ्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी इमारतीची भिंत कोसळून तिघांचा जीव गेला, आणि डॉल्बीच्या हादऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं. २०२३ च्या गणेशोत्सवात सांगली जिल्ह्यात मिरवणुकीच्या दणदणाटात दोन तरुणांचे मृत्यू झाल्याच्या बातम्यांनी खळबळ उडाली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि सणांसाठी वर्षातले मोजके पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. २०१८ साली ध्वनियंत्रणा व्यावसायिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने विसर्जनासाठी दिलासा दिला नाही. साताऱ्यात मात्र लोकप्रतिनिधींनीच डॉल्बीची जाहीर बाजू घेतली. या झगड्यात एक तांत्रिक गोष्ट कोणी बोलत नाही. नियमांतलं मोजमाप मानवी कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेलं असतं, आणि त्या पद्धतीत ५० हर्ट्झच्या आसपासचा खोल बेस सुमारे तीस डेसिबलनी कमी धरला जातो. म्हणजे खिडकीची तावदानं हलवणारा, म्हाताऱ्याच्या छातीवर आदळणारा जो आवाज, तोच मापात सर्वांत कमी भरतो. मापाचा काटा आणि घराच्या भिंतीपलीकडे पडून असलेला आजारी माणूस वेगवेगळं ऐकत असतात. माझ्या मते बेसची स्वतंत्र मर्यादा ठरवणं हाच या वादातून बाहेर पडण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग आहे.

आणि संगीताचं त्यात काही बिघडणार नाही. आवाजाची उंची या प्रकाराचा गाभा असती तर बेस उतरवताच तो मरायला हवा होता. पण हेलकावणारा ठेका, तोडून समेवर येणं, चालत्या गर्दीशी जुळवून घेणं, मराठी शब्दांचा पुकारा, हे सगळं दहा डेसिबल खाली आणलं तरी शिल्लक राहतं. विजेशिवायच्या हलगी-घुमक्यात ते शिल्लक होतंच. आवाज वाढला तो मंडळांच्या चुरशीने, म्हणजे समाजाच्या कारणाने; तालाने तशी मागणी केली नव्हती. म्हणून ‘आवाज कमी केला की आमची संस्कृती मरते’ हा मंडळांचा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही, आणि ‘ही संस्कृतीच नव्हे’ हा विरोधकांचाही नाही.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रास्तच झालं. त्या कारागिरांचे हात त्या मानाला पात्र आहेत. याच जिल्ह्यात, कवलापूर-वाटेगावच्या वाटांवर, कातडं शेकून ठेका धरणारे हात अजून आहेत, आणि त्यांतले बरेच आता थकले आहेत. शिवाजी विद्यापीठाने, संगीत नाटकाच्या संस्थांनी, आणि ज्यांची वर्गणी लाखांत जाते त्या मंडळांनीही, त्यांच्या चाली नावानिशी मुद्रित कराव्यात: कोणती चाल, कोणत्या गावची, कोणाकडून शिकलेली. आणि जो ऑपरेटर उद्या हलगी मिक्स तयार करेल, त्याने पुकाऱ्यात स्वतःच्या नावाबरोबर त्या वाजवणाऱ्याचंही नाव घ्यावं.